पावणेअठरा इंचांचा हात

आमच्या घराचा एक खण सात फूट पाच इंचांचा आहे. एका खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत. ओसरीचे पाचही खण मी तीन-तीन वेळा मोजले, दुसरी टेप आणून पुन्हा मोजले. एखाद्या सुताचा फरक सोडला तर आकडा हलला नाही.

सुतार अप्पांना विचारलं, तर ते ओट्यावर बसल्या जागेवरून म्हणाले, "पाच हातना खण शे तो." हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, हिशेबाला अठरा इंच. पाच हातांचे साडेसात फूट व्हायला हवेत आणि इथे प्रत्येक खणात एक इंच कमी. घरी येऊन भागाकार केला. एकोणनव्वद इंच भागिले पाच, सतरा पूर्णांक आठ. आमच्या दाराच्या वरच्या पट्टीवर शके १८४६ कोरलेलं आहे, म्हणजे इसवी सन १९२४. त्या वर्षी हे खांब ज्याने उभे केले त्या सुताराचं नाव घरात कुणालाच माहीत नाही. माझ्या वडिलांना, आबांना, माहीत नव्हतं, आजीने कधी सांगितलं नाही. पण त्याचा हात पावणेअठरा इंचांहून केसभर मोठा होता, एवढं मला आता पक्कं ठाऊक आहे.

मोजायचं कारण असं, की घराच्या पश्चिमेला आमचं खळं आहे. खानदेशाबाहेर खळं म्हटलं की धान्य मळायची जागा डोळ्यांपुढे येते. आमच्याकडे गावातल्या घरालगतची गुरांची, चाऱ्याची, गाडीची बंदिस्त जागा म्हणजेही खळंच. गुरं जाऊन वीस वर्षं झाली. आता तिथे उन्हात चारचाकी उभी असते, आणि एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या कागदाखाली आबांची यंत्रं. छोटी गोल करवत, रंध्याचं मशीन, ग्राइंडर. मला गाडीला सावली हवी होती आणि या यंत्रांना घर. गॅरेज म्हणा, वर्कशॉप म्हणा. आई त्याला अजून "गाडीचं खळं" म्हणते.

मी अमळनेरला शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. सुतारकाम आबांकडून आलं. ते शेतकरी होते, पण हात सुताराचा होता. गावात कुणाच्या वखराचा दांडा मोडला, कुणाच्या चौकटीचा कोपरा सुटला की लोक आधी आमच्या ओसरीत डोकवायचे. ओसरीचा तिसरा खण आबांचा. तिथे त्यांचं सागवानी टेबल, भिंतीला खुंट्यांवर गुण्या, ओळंबा, करवती, आणि देवळीत पटाश्या, धारेवर तेलाचा हात फिरवलेल्या. आमच्या शेजारच्या खणात आई धान्य निवडत बसलेली असायची. काम आणि घर यांच्यामध्ये भिंत नव्हती, फक्त एक खांब होता. मी त्या खांबाला टेकून अभ्यास केला.

हातांच्या हत्यारांनी चाललं तोवर ते ठीक होतं. यंत्रं आली आणि बारीक भुसा धान्यात, दुधात, अंथरुणात जायला लागला. रंध्याची साल जड असते, खाली पडते, झाडून निघते. मशीनचा भुसा हवेत तरंगतो आणि छातीत जातो. आईचा खोकला तिथूनच वाढला असं मला वाटतं. तेव्हा काम ओसरीतून बाहेर काढायचं हे नक्की होतं, आणि ते मला जड गेलं.

पहिला आराखडा एका कंत्राटदाराने दिला. चार कॉलम, वर स्लॅब, पुढे लोखंडी शटर, पंधरा दिवसांत उभं. त्यात चूक काहीच नव्हतं. तालुक्याच्या रस्त्यावर अशी शेकडो उभी आहेत. मी तो कागद घेऊन बोळात गेले आणि घराकडे तोंड करून उभी राहिले. आमचं घर बोळातून पाहिलं तर एक लांब आडवी रेघ दिसते. धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, काठ. तिच्याखाली भिंत, भिंतीत खोल गेलेली लहान दारं. शेजारचं घरही त्याच रेघेत, त्याच्या पुढचंही. स्लॅब त्या रेघेच्या चार फूट वर गेला असता. माझ्या पुतण्याने सुचवलं की पुढच्या बाजूला दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स लावू, आबांच्या बैलगाडीचं चाक भिंतीवर टांगू, जुन्याला मिळतंजुळतं होईल. तो प्रेमाने बोलत होता. पण चाक भिंतीवर टांगायला मी नाही म्हटलं. चाक कण्यावर असतं.

मग मिळतंजुळतं कशाने होतं? हा प्रश्न मी बरेच दिवस घेऊन फिरले, आणि त्याचं उत्तर मला एका चुकीने दाखवलं.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी आम्ही खळ्याकडच्या मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. दरवर्षी सारवणं, पोपडे भरणं आईला होत नव्हतं. ज्याने काम केलं त्याने शब्द दिला होता, की पुन्हा हात लावायची गरज पडणार नाही. तीन पावसाळे भिंत छान दिसली. चौथ्या वर्षी खालून फुगली. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते, हे तिचं नेहमीचंच. पूर्वी ती ओल मातीच्या गिलाव्यातून हवेत निघून जायची. सिमेंटने ती वाट बंद केली. ओल आत कोंडली, वर वर चढत गेली, येताना जमिनीतले क्षार घेऊन आली, आणि गिलाव्याच्या मागची माती पीठ होऊन गळायला लागली. एके दिवशी परातीएवढा पापुद्रा भिंतीसकट निघून आला. आबा त्या खड्ड्यासमोर उभे राहिले आणि हाताने आतली माती चाचपत राहिले. काही बोलले नाहीत. ते गेले तेव्हा भिंत तशीच होती.

नवं काही बांधायचं तर आधी ही भिंत नीट करणं भाग होतं. अप्पांनी सांगितलं, सगळं सिमेंट उतरव आणि उन्हाळाभर भिंतीला हात लावू नको. "भितले दम लेऊ दे, माय." फाल्गुनात आम्ही छिन्नीने हळूहळू गिलावा उतरवायला घेतला. दुसऱ्या दिवशी, दक्षिणेच्या टोकाला, बोळाच्या बाजूला, गिलाव्याखाली एक आडवं लाकूड लागलं. जवळपास दहा फूट लांब, सागाचं, दोन्ही टोकं भिंतीत रुतलेली. त्याच्याखालची माती भोवतालच्या मातीपेक्षा वेगळी होती. भिंत गावठाणातल्या पांढरीची, आणि हे भरण कच्च्या विटांचं, घाईत रचलेलं.

अप्पा आले, काठी टेकवून खाली वाकले, लाकडाचा खालचा काठ बोटाने पुसला आणि म्हणाले, "आठे गाडी येत व्हती."

ते बैलगाडीचं दार होतं. आईला विचारलं तर तिला ऐकून माहीत होतं, पाहिलेलं नव्हतं. माझे आजोबा आणि त्यांचे भाऊ वाटण्या करून वेगळे झाले तेव्हा मोठी गाडी दुसऱ्या घराकडे गेली आणि हे दार बुजवलं. आतलं माप जवळपास नऊ फूट. चारा भरलेली गाडी बाजूंना घासू नये एवढं. माझा सगळा घोळ तिथे सुटला. मी खणात गाडी बसवायला बघत होते आणि ती बसत नव्हती. सात फूट पाच इंचांतून खांबाची जाडी वजा केली तर सहा फूट दहा इंच उरतात. छोट्या चारचाकीचे आरसे धरून ती जेमतेम शिरते, दार उघडून उतरायला जागा नाही. घराचं माप मोडायचं की गाडी बाहेर ठेवायची, अशा पेचात मी होते. आणि त्या पावणेअठरा इंचांच्या हाताच्या माणसाने तो पेच शंभर वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला होता. माणसांना खण, गाडीला नऊ फूट. अप्पांच्या भाषेत पाच हात आणि सहा हात. सहा हातांचे त्याच्या मापाने आठ फूट पावणेअकरा इंच होतात. मी पुन्हा मोजलं. बरोबर तेवढेच.

ती मोठी गाडी तळोद्याची होती, असं आबा सांगायचे. लहानपणी मला वाटायचं, गाडी ती गाडी, तळोद्याची काय आणि कुठली काय. पुढे ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरमध्ये तळोद्याची नोंद वाचली. खानदेशातला लाकडाचा मुख्य बाजार तिथला, आणि खानदेशातल्या सर्वांत चांगल्या बैलगाड्या तिथे होतात, एकेकीची किंमत चाळीस ते पंचेचाळीस रुपये. सातपुड्याचं लाकूड डोंगरातून उतरून तळोद्याला यायचं. तुंब्याला, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्याला, बाभूळ, तासून गोल केलेली. त्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर लाकडी कडेचे पुठ्ठे चढवायचे आणि शेवटी लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा जराशी लहान ठेवतात. गोवऱ्यांच्या आगीत लाल केली की ती फुगते, मग चाकावर बसवून पाणी ओतलं की आवळत जाते आणि प्रत्येक सांधा करकचून बसतो. नववीच्या वर्गात उष्णतेने होणारं प्रसरण शिकवताना मी रेल्वेच्या रुळांऐवजी ही धाव सांगते. आमच्या मुलांनी चाकं पाहिलेली असतात, धाव चढताना क्वचितच.

दार मिळालं आणि बाकीचं त्याच्या मागे आलं. नऊ फुटांचं दार, त्याच्या सरळ आत गाडीची जागा. तिथून उत्तरेकडे, अंगणाच्या बाजूला, सात फूट पाच इंचांचे तीन खण. पहिल्यात यंत्रं, दुसऱ्यात टेबल, तिसरा लाकूड आणि बसायला. छताची रेघ घराच्या रेघेला.

पण घराला टेकायचं नाही. हे अप्पांनी बजावलं आणि पायाच्या खड्ड्याने पटवलं. घर पांढरीवर आहे, जुन्या वस्तीच्या दबलेल्या मातीवर. खळ्याचा अर्धा भाग काळीवर येतो. काळी माती पाऊस प्याली की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर उभं केलेलं काहीही दरवर्षी थोडं वर-खाली होत राहतं. आम्ही पाच फूट खणलं तेव्हा मुरूम लागला, आणि नव्या खांबांचे दगडी पाये तिथून उठवले. तरी नवं बांधकाम बसायचं तेवढं बसणारच. ते जुन्या भिंतीला जोडलं असतं तर दोघांमधला दुबळा फाटला असता, आणि दुबळं कोण हे उघड होतं. म्हणून नव्या छताचं एक लाकूडही जुन्या भिंतीवर टेकलेलं नाही. मधे दीड इंचाची फट आहे, वर पत्र्याची घडी घालून झाकलेली. गवंड्याला ती फट बघवत नव्हती. दोनदा त्याने ती बुजवायला घमेलं आणलं आणि दोनदा मी थांबवलं.

खांब नवीन सागाचे घेणं परवडणारं नव्हतं, आणि खरं तर मनातही नव्हतं. गावोगावची धाब्याची घरं उतरताहेत, त्यांचं लाकूड धुळ्याच्या, जळगावच्या वखारींत येऊन पडतं. मी धुळ्याला गेले. एका वखारीत तुळया, खांब, कोरीव हस्त, चौकटी अशा रचल्या होत्या, की एका नजरेत पाच-सहा घरं दिसत होती. एवढं जुनं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, आता ते वाकणार नाही, पिळणार नाही. माझ्या कामाला ते उत्तम होतं. तरी तिथे उभं राहून भाव करताना जीभ जड झाली. आठ खांब घेतले. त्यातल्या एकाला जमिनीपासून दोन फुटांवर, सगळ्या बाजूंनी, गुळगुळीत खाच पडलेली आहे. बोट फिरवलं तर काचेसारखी लागते. रवीच्या दोरीची खाच. त्या घरातल्या बायकांनी कित्येक वर्षं रोज सकाळी या खांबाशी बसून ताक घुसळलं. वखारवाला म्हणाला, खाच आहे म्हणून याचे पैसे कमी करतो. मी पूर्ण दिले. तो खांब आता टेबलाच्या उजव्या हाताला आहे.

प्रत्येक खांब दगडी उथळ्यावर उभा केला, घरातल्यासारखाच. कारण साधं आहे. लाकूड जमिनीला टेकलं की ओल आणि उधई दोन्ही चढतात. दगड मधे असला की उधईला मातीची नळी करून उघड्यावरून यावं लागतं, ती डोळ्याला दिसते, केरसुणीने मोडता येते.

छतावर मी सर्वांत जास्त झुरले. मनातून धाबंच हवं होतं. आमच्या घराचं धाबं म्हणजे तुळयांवर कडीपाट, त्यावर तुराट्या, लिंबाचा पाला, मग चिखल, आणि सर्वांत वर खारी, ती पांढरट खारवट माती, जी मृगाआधी दरवर्षी नव्याने पसरावी लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा या मातीखालची दुपार कशी असते हे जो तिथे झोपला आहे त्यालाच कळेल. माती उशिरा तापते. बाहेर आग असते तेव्हा ती आग छताच्या वरच्या थरात असते, आपल्यापर्यंत पोचायला तिला रात्र होते, आणि रात्री आपण धाब्यावर झोपायला गेलेलो असतो. पण धाबं माणूस मागतं. आई एकाहत्तरची आहे, मी एकटी घमेली चढवू शकत नाही, आणि खारी टाकायला येणारे हातही आता मिळत नाहीत. जे मला पुढची वीस वर्षं सांभाळता येणार नाही ते मी आज बांधायचं नाही, असं ठरवलं. ते ठरवताना वाईट वाटलं.

म्हणून पत्रा आहे, पण उघडा नाही. खाली जुन्या कडीपाटाच्या फळ्या, त्यांच्यावर चार इंचांची पोकळी, वर पांढरा रंग दिलेला पत्रा. पोकळी दोन्ही टोकांना जाळी लावून मोकळी ठेवली आहे. पत्रा तापला की पोकळीतली हवा तापते, हलकी होते आणि वरच्या टोकाने निघून जाते, खालच्या टोकाने दुसरी येते. धाब्याची सर त्याला नाही. तरी बाराच्या पुढे काम करता येतं. तुराट्यांचा थर मी मुद्दाम टाळला, ग्राइंडरच्या ठिणग्यांवर तुराट्या नकोत. बोळाच्या बाजूला बुटका कठडा आहे, त्याच्यामागे उतार लपतो आणि रेघ अखंड राहते. पाऊस आमच्याकडे वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर, पण पडतो तेव्हा एकदम पडतो. कठड्यामागचं पाणी पन्हळीतून पिंपात जातं, भिंतीच्या पायथ्याशी थेंबही पडू देत नाही.

उजेडासाठी छत उत्तरेकडे उंच होत गेलंय आणि तिथे वर ओळीने खिडक्या आहेत. लाकडावर रेघ मारताना सावली हलली की रेघ चुकते, आणि उत्तरेचा उजेड दिवसभर जागचा हलत नाही. मात्र पुस्तकातलं हे वाक्य खानदेशात जसंच्या तसं चालत नाही. आम्ही एकवीस अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शाळेच्या मैदानात आम्ही काठी रोवून शून्य सावली पाहायला मुलांना बोलावतो, सुट्टी असली तरी पंधरा-वीस येतात. त्यानंतर जुलैचा मध्य उलटेपर्यंत दुपारचा सूर्य आमच्या थोडा उत्तरेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ ऊन उत्तरेच्या खिडकीतून थेट आत शिरतं. त्यासाठी खिडक्यांवर दीड फुटाचा छज्जा काढला आणि दोन बाजूंना उभ्या फळ्या लावल्या. टेबलाच्या बरोबर वर एक साणं, उजेडासाठी छतातला झरोका, तोही ठेवला. घरातल्या साण्यावर पावसाळ्यात दगडी फरशी सरकवतात. इथे काच आहे, पण आकार तोच, एक हात लांब आणि एक हात रुंद. पावणेअठरा इंचांचा.

पश्चिमेच्या भिंतीला मी एकही खिडकी दिली नाही. तिला लागून लाकडाचा साठा रचला आहे, जमिनीपासून छतापर्यंत. संध्याकाळचं ऊन भिंतीत येतं, भिंतीतून लाकडात अडतं, टेबलापर्यंत पोचत नाही. आणि लाकूड तिथे छान वाळतं.

जमीन दोन प्रकारची केली. गाडी आणि यंत्रं उभी आहेत तिथे काँक्रीट, त्याला इलाज नाही. पण काँक्रीट जुन्या भिंतीला भिडवलं नाही. भिंतीलगत वीतभर रुंद पट्टा सोडून त्यात खडी भरली. नाहीतर काँक्रीटखाली कोंडलेली ओल सरळ भिंतीत शिरते, आणि एकदा ते भोगून झालंय. टेबलाच्या खणात मात्र मुरूम टाकून धुमसाने ठोकला आणि शेणाने सारवला. पटाशी हातातून सुटली आणि काँक्रीटवर पडली की धार गेली, कोपरा उडाला, पुन्हा तासभर दगडावर घासा. मातीवर पडली तर उचलून घ्या. शिवाय सहा तास उभं राहून काम केल्यावर पायांना कुठली जमीन आवडते हे पायच सांगतात.

भिंतीसाठी मातीचाच गिलावा केला. पांढरी, गव्हाचा भुसा, शेण, आठ दिवस भिजत ठेवून रोज पायाने तुडवलेला चिखल. वरून चुन्याचा हात. आईने पहिला गोळा लावला. बसूनच लावला, पण तिच्या तळव्याची गोल फिरकी अजून तशीच आहे. पहिल्या वर्षी दोन ठिकाणी बारीक भेगा गेल्या, त्या तिने बोटाने भरल्या. सांभाळायला लागणारच आहे, आणि एवढं मला झेपतं.

विजेचं थोडक्यात सांगते. जुन्या मातीच्या भिंतीत तारेसाठी झिरी पाडायची नाही. सगळ्या तारा लोखंडी नळीतून, आणि नळ्या खांबांवरून उघड्या. दिवे आणि यंत्रं यांच्या ओळी वेगळ्या, म्हणजे मशीनचा एमसीबी, जास्त भार आला की आपोआप पडणारा खटका, पडला तरी दिवा जात नाही. करवतीचं पातं वीज गेल्यावरही काही क्षण फिरत असतं आणि ते अंधारात फिरू नये. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका, लावलाच पाहिजे, त्याच्यावर काटकसर नको.

आगीबद्दल मात्र सविस्तर, कारण हे आमच्या भागात कुणी सांगत नाही. लाकडाला मी जवसाचं तेल लावते. आबाही लावायचे. हे तेल सुकतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होतं, आणि हे होताना उष्णता बाहेर टाकतं. फळीवर पातळ लावलेलं असतं तेव्हा ती उष्णता निघून जाते. पण तेलाने भिजलेली सुती चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली, तर आतली उष्णता आतच साठते आणि काही तासांनी चिंधी आपोआप पेटू शकते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. कापसाच्या मुलखात, सागाच्या घराशेजारी, भुशाच्या ढिगाजवळ. आबांच्या देवळीत अशा चिंध्या वर्षानुवर्षं पडलेल्या असायच्या आणि काही झालं नाही, हे नशीब. मी काम झालं की चिंधी अंगणातल्या दोरीवर एकेरी पसरून वाळवते, कडक झाली की मगच टाकते. दारामागे पाण्याचा डबा आहे, घाई असली की चिंधी त्यात. पेट्रोलचंही तसंच. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. म्हणून गाडीची जागा आणि यंत्रांचा खण यांच्यामध्ये कमरेएवढी भरीव भिंत आहे, आणि ग्राइंडर सर्वांत लांबच्या टोकाला.

घराचं माप सगळीकडे चाललं नाही. टेबल दोन हात उंच करायचं माझ्या फार मनात होतं. साडेपस्तीस इंच झाले असते. रंधा मारून पाहिला तर खांदे कानाला लागले. रंधा अंगाच्या वजनाने चालवायचा असतो, नुसत्या दंडाने नाही, आणि मी आबांपेक्षा सात इंच बुटकी. शेवटी हात खाली सोडून मनगटाची उंची घेतली, एकतीस इंच. आबांच्या टेबलाचे पाय कापावे लागले. कापताना सुतार अप्पा समोर बसले होते. कापलेले चार तुकडे मी फेकले नाहीत, त्यांच्या मोगऱ्या, लाकडी हातोड्या, केल्या. तीन मोगऱ्या, एक तुकडा गाठीवर फुटला.

दारं शेवटी झाली. गाडीच्या नऊ फुटांना दोन फळ्यांचं लाकडी दार, आणि डाव्या फळीत माणसापुरतं छोटं दार, दिंडी. मोठं दार दिवसातून दोनदा उघडतं, सकाळी गाडी काढताना आणि संध्याकाळी लावताना. बाकी वेळ जा-ये दिंडीतून, म्हणजे उन्हाची झळ आणि बोळातली धूळ आत येत नाही. घराच्या जुन्या दाराला बिजागऱ्या नाहीत. फळीच्याच कोपऱ्याला काढलेला लाकडी खुंट उंबऱ्याच्या दगडातल्या खळग्यात फिरतो. तसं करायची अप्पांची हिंमत होती, वजनामुळे माझी झाली नाही. लोहाराकडून जाड बिजागऱ्या घडवून घेतल्या. वरचं आडवं लाकूड मात्र तेच, गिलाव्याखाली सापडलेलं. त्याला तेलाचा एक हात दिला, बाकी काही केलं नाही. खिळ्यांची भोकंही बुजवली नाहीत.

दिंडीची फळी मी केली. जुन्या सागाच्या चार फळ्या, मागे तीन आडव्या पट्ट्या, अडसर बाभळीचा. वैशाखात बसवली तेव्हा चारी बाजूंनी नाणं जाईल एवढी फट होती आणि करंगळीने ढकललं तरी बंद व्हायची. दोन आठवडे मी येता-जाता उगाच उघडझाप करायचे. मग मृगाचा पाऊस आला, आषाढ भरला, आणि दिंडी खालच्या कोपऱ्यात अडायला लागली. लाकूड वाळलेलं असलं तरी हवेतली ओल घेतंच, आणि मी चौकटीत जागा जरा कमी सोडली होती. गेल्या रविवारी तिला खाली उतरवायला घेतलं, रंधा परजला, रेघही मारली. तेवढ्यात अप्पा आले, रेघ पाहिली आणि माझ्या हातातला रंधा काढून टेबलावर आडवा ठेवला.

"पावसायामा रंधा नको मारू. दिवाई जाऊ दे, मंग देख."

आत्ता तासली तर हिवाळ्यात फट पडेल. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की फळी आपोआप आकसेल, आणि तेव्हाही अडली तर जेवढी अडते तेवढीच काढायची. मी दिंडी परत चढवली. तोवर तिला आतून दोरी बांधलेली आहे, रवीची खाच असलेल्या खांबाला.